शाळा कोणत्या भाषेची, हे कोण ठरवणार? क्वेबेकच्या कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या शालेय भाषाविषयक कायद्यासंबंधी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. काही पत्रे तिकडे निघालेल्या कुटुंबांची आहेत, काही केवळ जिज्ञासेपोटी लिहिलेली आहेत, तर काहींत आपल्याकडच्या भाषावादाचा संदर्भ आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा संगणक अभियंता असून कामाच्या परवान्यावर पत्नी व मुलीसह मॉन्ट्रियलला जात आहे. माझी नात ठाण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. तिला तेथे फ्रेंच शाळेतच जावे लागेल, असे मुलाला सांगण्यात आले आहे. मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजी सरकारी शाळा आहेत, इंग्रजी विद्यापीठे आहेत. मग पहिल्या दिवसापासून इंग्रजीत शिकलेल्या मुलीला तेथे प्रवेश का नसावा? (एक आजी, ठाणे)

उत्तर : आपल्या मुलाला मिळालेली माहिती बहुतांशी बरोबर आहे. २६ ऑगस्ट १९७७ रोजी क्वेबेकच्या विधानसभेने फ्रेंच भाषेची सनद मंजूर केली. विधेयक १०१ या नावानेच ती आजही ओळखली जाते. बालवाडीपासून माध्यमिक शिक्षण संपेपर्यंत, म्हणजे अकराव्या इयत्तेपर्यंत, सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांतील शिक्षण फ्रेंचमध्येच होईल, असा तिचा सर्वसाधारण नियम आहे. इंग्रजी शाळेत जाण्यासाठी पात्रता प्रमाणपत्र लागते. ते मिळण्याची मुख्य अट अशी की, आई किंवा वडील कॅनडाचे नागरिक असावेत आणि त्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा मोठा भाग कॅनडात इंग्रजीतून झालेला असावा. ठाण्यातील, लंडनमधील किंवा न्यूयॉर्कमधील इंग्रजी शाळा या हिशेबात धरली जात नाही. मूल कोणती भाषा बोलते किंवा त्याला कोणती भाषा चांगली येते, हा प्रश्न हा कायदा विचारतच नाही. आईवडिलांचे शिक्षण कोठे आणि कोणत्या भाषेत झाले, एवढेच तो विचारतो.

आपल्या नातीच्या बाबतीत दोन वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याची सवलत. कामाच्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेत शिकण्याची परवानगी मागता येते. मात्र २०२२ मध्ये मंजूर झालेल्या विधेयक ९६ ने या सवलतीला तीन वर्षांची मर्यादा घातली आहे आणि ती मुदत संपल्यावर सवलतीचे नूतनीकरण होत नाही. दुसरी वाट म्हणजे सरकारी अनुदान अजिबात न घेणारी खासगी इंग्रजी शाळा. तिला हा नियम लागू नाही, पण तिचे शुल्क साधारण नोकरदार कुटुंबाला सहज पेलणारे नसते.

येथे मी विचारले नसतानाही एक सल्ला देतो. मुलाचा बेत दोनतीन वर्षांत परत येण्याचा असेल, तर इंग्रजीची सवलत घेण्यात गैर काही नाही. परंतु तेथे कायमचे राहण्याचा विचार थोडाही असेल, तर मुलीला सुरुवातीपासूनच फ्रेंच शाळेत घालणे शहाणपणाचे ठरेल, असे मला वाटते. आठव्या वर्षी नवी भाषा जितक्या सहजपणे अंगवळणी पडते तितकी अकराव्या वर्षी पडत नाही, आणि सवलत संपल्यावर फ्रेंचकडे वळावे लागणारच आहे. फ्रेंच अजिबात न येणाऱ्या मुलांसाठी तेथील सरकारी शाळांत स्वतंत्र स्वागतवर्ग असतात. त्यांत मुलांना आधी भाषा शिकवतात आणि तयारी झाल्यावर नेहमीच्या वर्गात पाठवतात. शिवाय फ्रेंच शाळांतही इंग्रजी हा विषय पहिलीपासून असतो, त्यामुळे तिचे इंग्रजी मागे पडेल ही भीती फारशी खरी नाही. मागे पडलीच तर मराठी मागे पडेल. तिची काळजी मात्र घरालाच वाहावी लागेल.

प्रश्न : कॅनडाच्या दोन अधिकृत भाषा आहेत, असे आम्ही मुलांना भूगोलात शिकवतो. मग एका प्रांताला दुसऱ्या अधिकृत भाषेच्या शाळांची दारे अशी बंद कशी करता येतात? आणि फ्रेंच लोकांना इतकी भीती तरी कशाची वाटते? (शिक्षक, सांगली)

उत्तर : दोन अधिकृत भाषा आहेत त्या केंद्र सरकारच्या, १९६९ च्या केंद्रीय कायद्याने तसे ठरवले. शिक्षण हा विषय मात्र १८६७ च्या राज्यघटनेच्या ९३ व्या कलमाने प्रांतांकडे सोपवलेला आहे. त्या कलमात अल्पसंख्याकांना संरक्षण होते, पण ते धर्माच्या आधारावर होते, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शाळांना होते. भाषेचा त्यात उल्लेख नव्हता. पुढची सारी भांडणे या एका रिकाम्या जागेतून उगवली, असे म्हटले तरी चालेल.

भीतीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषकांचे प्रमाण तीनचतुर्थांशांहून अधिक आहे, परंतु संपूर्ण कॅनडात ते जेमतेम पाचात एक भरतात आणि अमेरिका धरून उत्तर अमेरिका खंडाचा विचार केला तर नगण्यच. १७६३ मध्ये पॅरिसच्या तहाने हा मुलूख फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेला, तेव्हापासून दोनशे वर्षे या समाजाने आपली संख्या टिकवली ती मोठ्या कुटुंबांच्या आणि चर्चच्या बळावर. १९६० नंतर क्वेबेकचे समाजजीवन झपाट्याने बदलले, चर्चची पकड सुटली, शिक्षण सरकारने हाती घेतले आणि जन्मदर एकदम खाली आला. आता समाजाची संख्या नव्याने येणाऱ्या लोकांवर अवलंबून राहणार, हे स्पष्ट झाले. आणि नव्याने येणारे इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज पालक आपली मुले मोठ्या संख्येने इंग्रजी शाळांत घालत होते.

त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मॉन्ट्रियलमधील बँका, विमा कंपन्या, कारखान्यांची वरची कार्यालये इंग्रजीत चालत. केंद्र सरकारने नेमलेल्या द्विभाषा आयोगाने १९६१ च्या जनगणनेच्या आधारे उत्पन्नाची तुलना केली, तेव्हा स्वतःच्याच प्रांतात फ्रेंच वंशाचे पुरुष जवळजवळ तळाशी असल्याचे आढळले. अशा शहरात पोटासाठी आलेला माणूस मुलाला कोणत्या शाळेत घालील, हे सांगायला आयोग लागत नाही. याला दुसरीही एक बाजू आहे आणि ती फ्रेंच पुढाऱ्यांना सोयीची नाही. फ्रेंच शाळा कॅथलिक चर्चच्या होत्या आणि इतर धर्मांच्या लोकांना त्यांत फारसे स्थान नव्हते. १९०३ च्या एका कायद्याने तर ज्यू मुलांना शिक्षणापुरते प्रोटेस्टंट मानले गेले आणि ती आपोआपच इंग्रजी शाळांत गेली. म्हणजे पाहुण्यांना आधी आपणच शेजारच्या घरी पाठवायचे आणि मग ते शेजाऱ्याचे झाले म्हणून हळहळायचे, असा हा प्रकार होता.

ठिणगी पडली ती मॉन्ट्रियलच्या सां-लेओनार या उपनगरात. तेथे इटालियन वस्ती मोठी होती आणि शाळांत दोन्ही भाषांचे वर्ग चालत. १९६८ मध्ये शालेय मंडळाच्या निवडणुकीत फ्रेंचवाद्यांनी बहुमत मिळवले आणि पहिलीपासून केवळ फ्रेंच शिकवण्याचा निर्णय घेतला. इटालियन पालकांनी घरांच्या तळघरांत इंग्रजी वर्ग भरवले, आणि सप्टेंबर १९६९ मध्ये प्रकरण दंगलीपर्यंत गेले. त्याच वर्षी सरकारने घाईने कायदा करून माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य पालकांना दिले, त्याने फ्रेंच भाषक संतापले. १९७४ मध्ये रोबेर बुरासा यांच्या सरकारने लहान मुलांची इंग्रजीची परीक्षा घेऊन प्रवेश ठरवण्याची पद्धत आणली. पाचसहा वर्षांच्या मुलांना परीक्षेला बसवणारा तो कायदा कोणालाच आवडला नाही. इंग्रजी भाषकांना तो जाचक वाटला आणि फ्रेंच भाषकांना मिळमिळीत. नोव्हेंबर १९७६ मध्ये रने लेवेक यांचा पार्टी क्वेबेक्वा हा पक्ष सत्तेवर आला आणि त्यांचे मंत्री कामी लोरां यांनी विधेयक १०१ तयार केले. मुलांची परीक्षा गेली आणि तिच्या जागी आईवडिलांच्या शिक्षणाचा दाखला आला.

मूळ विधेयकात आईवडिलांचे इंग्रजी शिक्षण क्वेबेकमध्येच झालेले असावे, अशी अट होती. १९८२ मध्ये कॅनडाच्या नव्या मूलभूत हक्कांच्या सनदेत भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या भाषेतील शाळांचा हक्क देणारे २३ वे कलम आले आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘क्वेबेकमध्ये’ या शब्दाच्या जागी ‘कॅनडात’ असा अर्थ लावण्यास भाग पाडले. म्हणून आज टोरांटोत इंग्रजीत शिकलेल्या नागरिकाच्या मुलाला मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजी शाळा मिळते. परंतु याच २३ व्या कलमाचा एक भाग क्वेबेकला लागू नाही. मातृभाषा इंग्रजी आहे एवढ्याच कारणाने मिळणारा हक्क, क्वेबेकची विधानसभा संमती देईपर्यंत तेथे स्थगित राहील, असे घटनेतच लिहिलेले आहे आणि ती संमती आजवर दिली गेलेली नाही. म्हणूनच लंडनहून आलेल्या इंग्रज कुटुंबाची स्थिती ठाण्याच्या कुटुंबापेक्षा वेगळी नसते.

प्रश्न : मी पुण्यात पदवीसाठी फ्रेंच शिकते. इंग्रजी वृत्तपत्रांत वाचले की फ्रेंच भाषक हे जुलूम करणारे वाटतात आणि फ्रेंच मजकूर वाचला की ते जुलूम सोसणारे वाटतात. खरे काय? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोन्ही खरे आहे, फक्त प्रांत आणि काळ वेगळे आहेत. क्वेबेकबाहेर फ्रेंच शाळांचे काय झाले, हे ठाऊक असल्याशिवाय विधेयक १०१ मागची मनःस्थिती कळत नाही.

मॅनिटोबा प्रांताची स्थापना १८७० मध्ये झाली तेव्हा तेथे फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांना मान्यता होती. १८९० मध्ये प्रांतिक सरकारने फ्रेंचची मान्यता काढली आणि कॅथलिक शाळांचा सरकारी पैसाही बंद केला. हा प्रश्न इतका पेटला की १८९६ च्या केंद्रीय निवडणुकीत तो मुख्य मुद्दा झाला. त्या निवडणुकीनंतर झालेल्या तडजोडीने फ्रेंच बोलणारी दहा मुले असतील तेथे द्विभाषिक शिक्षणाची सोय ठेवली, पण १९१६ मध्ये तीही गेली.

ऑन्टारियोची हकीकत अधिक बोलकी आहे. १९१२ मध्ये तेथील सरकारने ‘नियम १७’ काढला आणि फ्रेंच माध्यम प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांपुरते मर्यादित केले. पुढच्या वर्षी थोडी सूट देऊन दिवसाला एक तास फ्रेंच शिकवण्याची मुभा दिली. या नियमाला पाठिंबा देणाऱ्यांत कडवे प्रोटेस्टंट तर होतेच, पण आयरिश कॅथलिक धर्मगुरूही होते. ऑन्टारियोतील लंडन या शहराचे बिशप मायकेल फॅलन हे त्यांतले प्रमुख. धर्म एक असला म्हणजे भाषेचे भांडण मिटते, अशी समजूत असणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. सरकारी निरीक्षक वर्गात आला की फ्रेंच मुले उठून बाहेर जात. १९१३ मध्ये ओटावात ‘ल द्र्वा’ हे वृत्तपत्र निघाले ते याच नियमाशी लढण्यासाठी. ओटावाच्या गीग शाळेत बेआत्रिस आणि दियान देलोज या दोन बहिणी नियम धाब्यावर बसवून शिकवत होत्या. त्यांना हटवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा, जानेवारी १९१६ मध्ये, मुलांच्या आया शाळेच्या दाराशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. त्यांच्या हातांत टोपीला लावायच्या लांब पिना आणि स्वयंपाकघरातील लाटणी होती, आणि पोलिसांना त्यांनी आत येऊ दिले नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे कॅनडाच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपिली न्यायालयाने, निकाल दिला की घटनेचे संरक्षण धर्माला आहे, भाषेला नाही. नियम १७ ची अंमलबजावणी १९२७ पासून थांबली, तो १९४४ मध्ये संपला आणि त्याबद्दलची माफी ऑन्टारियोच्या तत्कालीन प्रीमियर कॅथलीन विन यांनी विधानसभेत मागितली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये. (कॅनडात प्रांताच्या सरकारप्रमुखाला प्रीमियर म्हणतात, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखेच ते पद समजावे.)

त्या काळात क्वेबेकमधील इंग्रजी भाषकांच्या शाळा, विद्यापीठे, रुग्णालये निर्धास्तपणे चालू होती, हे फ्रेंच भाषक विसरलेले नाहीत. मात्र आपण परीक्षेत उत्तर लिहाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. क्वेबेकचे सरकार आज सर्वत्रच्या फ्रेंच अल्पसंख्याकांचे पाठीराखे असते, असे मुळीच नाही. २३ व्या कलमाचा अर्थ जितका व्यापक लागेल तितका तो क्वेबेकमधील इंग्रजी शाळांनाही उपयोगी पडतो. या हिशेबाने युकॉन प्रदेशातील फ्रेंच शालेय मंडळाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा क्वेबेक सरकार त्या मंडळाच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले होते. तो निकाल २०१५ चा आहे. दूरच्या फ्रेंच भाषकांना त्याचे फार वाईट वाटले आणि ते वाटणे साहजिक होते.

प्रश्न : भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने माध्यम निवडणे हा पालकांचा हक्क मानला आहे. क्वेबेकसारखा कायदा महाराष्ट्राने केला तर तो टिकेल काय? २०२५ मध्ये हिंदीच्या सक्तीविरुद्ध जे आंदोलन झाले त्याची तुलना क्वेबेकशी करता येईल काय? (निवृत्त वकील, नाशिक)

उत्तर : आपण नाशिकहून पत्र लिहिले हा चांगला योग आहे, कारण असा कायदा मुंबई राज्याने एकदा करून पाहिला होता आणि त्याचा निकाल आपल्या शेजारच्या देवळालीतील शाळेच्या खटल्यात लागला. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत केवळ अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा. देवळालीची बार्न्स हायस्कूल ही शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि प्रवेश नाकारला गेलेल्या मुलांचे पालक, एक ख्रिस्ती आणि एक हिंदू, न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो घटनेच्या २९ व्या कलमाच्या विरुद्ध ठरवला. केवळ भाषेच्या कारणाने कोणत्याही नागरिकाला सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे तत्त्व तेथे पक्के झाले.

विधेयक १०१ च्या तेवीस वर्षे आधी, इंग्रजी शाळा ही जन्माने इंग्रजी असणाऱ्यांपुरतीच ठेवायची, ही कल्पना मुंबईच्या सचिवालयाला सुचली होती, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. हेतूही फार वेगळा नव्हता. स्वतंत्र झालेल्या राज्यातील वरच्या थरातील मुले आपल्या भाषांपासून तुटू नयेत, असा तो होता. फरक आहे तो दोन्ही देशांच्या घटनांत. आपल्याकडे प्रवेशाचा हक्क नागरिकाचा आहे. कॅनडात तो अल्पसंख्याक समाजाच्या सदस्याचा आहे. म्हणूनच क्वेबेकमधील काही फ्रेंच पालकांनी ‘आमच्या मुलांनाही इंग्रजी शाळा हवी, नाहीतर समानतेचा भंग होतो’ असा दावा केला, तेव्हा २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बहुसंख्याकांना अल्पसंख्याकांसाठी राखलेल्या शाळेवर समानतेच्या नावाने हक्क सांगता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. विधेयक १०१ ने निवड हिरावली गेलेल्यांत सर्वांत मोठा गट फ्रेंच भाषक पालकांचाच आहे, ही गोष्ट इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

आपण उल्लेखिलेला निकाल ६ मे २०१४ चा, कर्नाटक सरकारच्या प्रकरणातील आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घेण्याची सक्ती राज्य करू शकत नाही आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयीचे ३५०अ कलम राज्याला तसा अधिकार देत नाही, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले. त्यामुळे क्वेबेकसारखा कायदा आपल्याकडे टिकणार नाही, हे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. महाराष्ट्राने २०२० मध्ये केलेला कायदा मराठी हा विषय सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीचा करतो, माध्यम सक्तीचे करत नाही. तो या मर्यादेच्या आत बसतो. गोव्याने तिसरा मार्ग वापरला. माध्यम निवडा, पण प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी आणि कोकणीलाच मिळेल, असे धोरण तेथे दोन दशके होते आणि २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याच्या निर्णयावरून ते राज्य ढवळून निघाले.

२०२५ च्या आंदोलनाशी तुलना मात्र मला पटत नाही. १६ एप्रिलच्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली, विरोध झाला, जूनमध्ये शब्द बदलले आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. तो वाद कोवळ्या मुलांवर आणखी एका विषयाचा भार टाकण्याचा आणि तो कोणाच्या सांगण्यावरून टाकला जातो याचा होता. मराठी शाळेत कोण येणार, हा प्रश्न त्यात नव्हता. क्वेबेकमध्ये तोच एक प्रश्न आहे. मराठी शाळांच्या ओस पडणाऱ्या वर्गांविषयी आपल्याकडे कधी इतक्याच तळमळीने आंदोलन झाले, तर तुलना करता येईल.

प्रश्न : मॉन्ट्रियलच्या शाळांत मधल्या सुट्टीतही फ्रेंचच बोलावे लागते, असे ऐकले. मुले आपसांत मराठीत बोलली तर शिक्षा होते काय? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शाळांपुरते पाहिले तर विधेयक १०१ शिक्षणाच्या माध्यमाविषयी आहे, खेळाच्या मैदानावर मुलाने कोणती भाषा बोलावी, हे ते सांगत नाही. शाळा आणि शालेय मंडळे मात्र आपापल्या शिस्तीचे नियम करतात. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मोठ्या फ्रेंच शालेय मंडळाने वर्गाबाहेरही फ्रेंच बोलण्याचा आग्रह धरण्याचे ठरवले, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. प्रत्यक्षात असे नियम बहुधा आठवण करून देण्यापुरते राहतात. व्यक्तिशः मला हा आग्रह निरर्थक वाटतो. मैदानावर मुले एकमेकांशी जी भाषा बोलायची तीच बोलतात, आणि आपल्याकडच्या कित्येक इंग्रजी शाळांनी मराठी बोलल्याबद्दल दंड ठेवले तरी मुलांनी मराठी सोडली नाही. तिच्याविषयी थोडी लाज मात्र बाळगायला शिकली.

प्रश्न : मी पंधरा वर्षांपूर्वी मिसिसागात आलो आणि आता कॅनडाचा नागरिक आहे. माझी पत्नी लहानपणापासून ऑन्टारियोत वाढली आणि तेथेच इंग्रजी शाळेत शिकली. नोकरीनिमित्त आम्ही क्वेबेकमधील लाव्हाल येथे राहायला जाणार आहोत. तेथील इंग्रजी भाषक विधेयक ९६ वर फार नाराज आहेत असे ऐकतो. ही नाराजी योग्य आहे काय आणि आम्ही मुलाला कोणत्या शाळेत घालावे? (वाचक, मिसिसागा)

उत्तर : नाराजीची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. विधेयक १०१ नंतरच्या पाच वर्षांत लाखाहून अधिक इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले आणि इंग्रजी शाळांतील विद्यार्थी १९७० च्या दशकारंभीच्या अडीच लाखांवरून पुढे लाखाच्या आसपास आले. सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ मध्ये मुख्यालय टोरांटोला नेण्याचे जाहीर केले तेव्हा तिने भाषेच्या कायद्याचेच कारण दिले होते. सुरुवातीच्या काळात कायदा झुगारून मुले इंग्रजी शाळांत बसत. हजेरीपटावर त्यांचे नाव नसे, पण शिक्षक त्यांना शिकवत. १९८६ मध्ये सरकारला त्यांच्यासाठी माफीचा कायदा करावा लागला. त्यानंतर दोन्ही बाजू हळूहळू निवळल्या. धर्मावर आधारलेली शालेय मंडळे १९९८ मध्ये जाऊन त्यांच्या जागी भाषेवर आधारलेली मंडळे आली, आणि इंग्रजी मंडळांना आपला कारभार आपल्या हाती मिळाला. स्थलांतरितांची दहापैकी सुमारे नऊ मुले फ्रेंच शाळांत जाऊ लागली. म्हणजे १९७७ च्या कायद्याने जे साधायचे ठरवले होते ते साधले.

विधेयक १०१ चा मी समर्थक आहे. एका समाजाने आपल्या शाळांत नवागतांना सामावून घेण्याची जबाबदारी कायद्याने स्वतःवर घेतली, असे मी त्याकडे पाहतो. विधेयक ९६ बद्दल मला तसे म्हणता येत नाही. माध्यमिक शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधल्या दोन वर्षांसाठी तेथे सेजेप नावाची महाविद्यालये असतात, साधारण आपल्या अकरावी-बारावीसारखी, आणि त्यांतील माध्यम निवडण्याची मुभा १९७७ च्या कायद्यानेही सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ठेवली होती. नव्या कायद्याने इंग्रजी सेजेपमधील विद्यार्थिसंख्येला एकूण संख्येच्या साडेसतरा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि तेथील विद्यार्थ्यांवर फ्रेंचचे जादा अभ्यासक्रम लादले. अकरा वर्षे फ्रेंच शाळेत शिकलेल्या मुलावरही विश्वास ठेवायचा नाही, असा त्याचा अर्थ होतो. मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके येथील मोहॉक या मूळ रहिवाशांची तक्रार तर आणखी वेगळी आहे. त्यांची स्वतःची भाषा जगवण्याची धडपड चालू आहे, व्यवहार इंग्रजीत आहे, आणि बाहेरून आलेल्या दोन भाषांच्या भांडणात त्यांच्या मुलांनी तिसरा भार का उचलावा, या त्यांच्या प्रश्नाला सरकारकडून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

आता आपल्या मुलाविषयी. आपली पत्नी कॅनडाची नागरिक असेल आणि तिच्या प्राथमिक शिक्षणाचा मोठा भाग ऑन्टारियोत इंग्रजीतून झाला असेल, तर आपला मुलगा इंग्रजी शाळेस पात्र आहे. तरीही इंग्रजी शाळा निवडलीच पाहिजे असे नाही. निवडली, तर त्या शाळांतही फ्रेंचचा भाग मोठा असतो, हे ध्यानात घ्या. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सां-लांबेर येथे इंग्रजी भाषक पालकांनीच मंडळाच्या मागे लागून आपल्या मुलांसाठी संपूर्ण फ्रेंचमधील बालवाडी सुरू करवून घेतली होती. आज देशभर चार लाखांहून अधिक मुले ज्या फ्रेंच निमज्जन वर्गांत शिकतात त्यांचा उगम तेथे आहे, आणि मिसिसागातील मराठी पालकांना या वर्गांची ओळख करून द्यायला नको.

शाळा कोणतीही निवडा, पण पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज इंग्रजी शालेय मंडळाकडे अवश्य करा. मुलगा फ्रेंच शाळेत गेला तरी प्रमाणपत्र असल्यास कायद्याच्या दृष्टीने त्याचे शिक्षण इंग्रजीत झाले असे मानले जाते आणि पुढे त्याच्या मुलांचा हक्क शाबूत राहतो. अर्जासोबत पत्नीच्या प्राथमिक शाळेचा दाखला आणि नागरिकत्वाचा पुरावा लागेल. जुन्या शाळेकडून दाखला मिळायला वेळ लागतो, तेव्हा घर बदलण्यापूर्वीच तो मागवून ठेवा.